समुद्राचा अभ्यास कुणी करायचा?

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्या रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत मुलींसाठी ठरलेली नावं निघतात: डी. फार्मसी, नर्सिंग, फार तर बी.एड. मुलांसाठी आयटीआय आणि मग आखाताचा व्हिसा. यंदा माझ्या भाचीनं वेगळंच नाव काढलं. "मामू, मला कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी शिकायचीय." माझी बहीण म्हणाली, "म्हणजे कासवांची राखण ना? त्याला कॉलेज कशाला हवं?"

बहिणीचं सासर मच्छीमारांचं. कुठल्या वाऱ्यात कुठला मासा येतो, हे तिथं पोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

जीव वाचवण्याचं शास्त्र असा या विषयाचा साधा अर्थ. अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेल सूले यांनी १९८५ साली एका लेखात त्याची मांडणी केली. त्यांच्या मते हे शास्त्र संकटकाळातलं आहे. पेशंट दारात आल्यावर सगळे रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरला थांबता येत नाही, तसंच इथंही अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावे लागतात. म्हणून यात प्राणिशास्त्रासोबत आनुवंशिकी, संख्याशास्त्र, कायदा आणि माणसांचा अभ्यासही येतो.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी सर्रास उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ती कुंपणात जपायला सुरुवात केली. हे काम मायेचं आणि मेहनतीचं. पण कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्याच अधिक निपजतात. म्हणजे अंडी चोरांपासून वाचवली, तरी कुंपण कुठं घालायचं, सावली किती द्यायची, हे प्रश्न उरतातच. तिथं नुसती माया पुरत नाही. थर्मामीटर लागतो, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात आणि त्या वाचता येणारं माणूस लागतं.

दुसरं उदाहरण गुहागरचं. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीला क्रमांकाचा बिल्ला लावला होता. २०२५ च्या जानेवारीत तीच मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची मादी आपल्या किनाऱ्यावरही घरटं करू शकते, हे त्या छोट्या बिल्ल्यामुळे कळलं.

मला खरी काळजी मात्र कासवांपेक्षा माणसांची आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून निर्बंध. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या भांडणात दोन्हीकडं आपलीच माणसं आहेत. मासळी का घटली, बंदी किती दिवसांची असावी, याचे अहवाल लिहिले जातात तेव्हा त्या टेबलाशी आपल्या वाड्यांतला कितीसा पोरगा किंवा पोरगी बसलेली असते? ज्यांची रोजीरोटी समुद्रावर आहे, त्यांचं ज्ञान शास्त्राच्या भाषेत मांडणारं कुणी नसेल, तर अहवालात आपण फक्त 'अडचण' म्हणून उरतो.

पदवी नसली तर काय होतं, हे सलीम अलींच्या आयुष्यातही दिसतं. पक्ष्यांचा एवढा मोठा जाणकार, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेत त्यांना नोकरी मिळाली नाही. ते बर्लिनला जाऊन शिकले, परतले तरी नोकरी नव्हती. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला आणि त्यातून नाव झालं. पण प्रत्येक घरातून सलीम अली निघत नाही. आपल्या मुलांनी पदवी घेतलेलीच बरी.

वाटा आहेत. रत्नागिरीतच प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करता येते, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पुढं डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. तिथं प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. खोटं आश्वासन मी देणार नाही. या क्षेत्रात बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात आणि पगार आखातासारखा नसतो. मत्स्यविज्ञानाची पदवी घेतली तर मत्स्य खात्याच्या परीक्षांचा रस्ताही खुला राहतो, म्हणून भाचीला मी तोच सुचवला आहे. रात्री किनाऱ्यावर काम करावं लागेल, याची भीती बहिणीला अजून आहे. ती भीती खोटी नाही. पण तिच्यामुळे फॉर्म भरायचा थांबला नाही, एवढं खरं.

तुमच्या घरात जाळी विणत मोठं झालेलं एखादं बारावीचं पोर असेल, तर त्याला हे नाव एकदा सांगून ठेवा. निवड त्याची असू दे. नाव माहीत नव्हतं म्हणून वाट चुकली, असं मात्र व्हायला नको.