पाच पाती

20 ऑगस्ट
काल नारळ वाहिला. आज बर्फ, डिझेल, रेशन चढलं. मासेमारीबंदी 31 जुलैलाच संपली, पण आमची बोट पौर्णिमेआधी पाण्यात जात नाही.
इंजिन लावलं. कडेच्या नळीतून इंजिन थंड करणारं खारं पाणी जाड धारेनं पडतंय. गाळणी स्वच्छ. तापमानाचा काटा 80.

22 ऑगस्ट, पहाटे
बारा वाव पाणी. सुवर्णदुर्ग केव्हाच मागे पडला. तांडेलकाका सुकाणूवरून ओरडले, "अरे, पाणी पडायचं थांबलं बघ!" काट्याच्या आधी त्यांच्या कानाला कळलं. मी खाली उतरलो तेव्हा 96. इंजिन बंद. नांगर टाकला.

सकाळ
कॉक उघडा. गाळणीत काही नाही. नळी सोडवली तरी समुद्राचं पाणी आत येईना. बाहेरून काहीतरी बसलंय. धाकटा खलाशी कमरेला दोर बांधून बुडाला. वर आला तो जाड प्लास्टिक घेऊन. हातभर लांब, बहुतेक खताच्या पोत्याच्या आतलं. पंपाच्या ओढीनं तोंडाला घट्ट चिकटलेलं.
नळीला पाणी आलं. जोडली, इंजिन लावलं. कडेला थेंब नाही. लगेच बंद.
पंपाचं झाकण काढलं. सहा स्क्रू, सगळे टोपीत. आतल्या रबरी इंपेलरच्या बारा पात्यांतली पाच नाहीत. राहिलेल्यांना मुळाशी चिरा. रबर जळल्याचा वास.
धाकटा म्हणाला, "दादा, एवढ्यात?" पाणी हेच या रबराचं वंगण. कोरडा फिरला की मिनिटभरही पुरतं.
पंपात दोन पाती मिळाली. तीन पुढे गेली.

दुपार
जवळचा जादा इंपेलर बसवला. बोट आडवी डोलत होती. भांड्यांचा पातळ साबण लावला. ग्रीसचा डबा खलाशानं पुढे केला होता, नको म्हटलं. ग्रीसनं हे रबर फुगतं. इंपेलर त्याच्या फिरायच्या दिशेनं वळवत आत सरकवला.
पाणी पडलं. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.
हळू चालीला 84. चाल वाढवली की 91, 92.
काका म्हणाले, "पाणी पडतंय ना? एक जाळं मारू. बर्फ वितळतोय." बरोबरच आहे त्यांचं. बंदीपासून घरात पैसा नाही, गणपती तोंडावर. पण तीन पाती कूलरच्या नळ्यांत अडकली असणार. ओझं घेऊन परतताना काटा शंभरावर गेला तर कोण ओढून नेणार?
बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनीच सुकाणू फिरवलं.

23 ऑगस्ट
आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट. वाळूचा पट्टा या वर्षी आणखी पुढे आलाय. ओहोटीला आत शिरलं तर पंप पाण्याऐवजी रेतीच ओढेल. दुपारी शिरलो.
शेजारच्या बोटी बाहेर जाताना दिसल्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

24 ऑगस्ट
सकाळपासून इंजिन रूममध्ये. गिअर ऑइलच्या छोट्या कूलरच्या तोंडाशी एक पातं. मोठ्या कूलरचं झाकण काढलं, नळ्यांच्या तोंडावर आडवं पडलेलं दुसरं. तिसऱ्याचा अर्धाच तुकडा.
वर्तमानपत्रावर जुना इंपेलर ठेवला, तुकडे जागेवर लावून बघितले. अर्धं पातं कमी.
काका येऊन बघून गेले. "अर्ध्यानं काय होतंय?" मी काही बोललो नाही. पुन्हा बसलो.

संध्याकाळ
उलट्या बाजूनं पाणी सोडलं. आधी चुन्याचे पापुद्रे, मग शंखांचा चुरा, शेवटी अर्धं पातं. नखाएवढं. ओरडलोच मी. काका धावत आले, त्यांना वाटलं हात अडकला.
नळ्या बांबूच्या काडीनं साफ केल्या. तारेनं आतून ओरखडे पडतात, मग तिथूनच गळती.

25 ऑगस्ट
पंपाच्या पोटाखालच्या भोकातून खारं पाणी ठिबकतंय. मेस्त्री म्हणाले, सील गेलं. कोरडं चालताना तेही तापलं. ठिबक थांबवायला ते भोक बुजवणारे लोक आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं. ते भोक आहे म्हणून आज कळलं.
झाकणावर गोल चर, नख अडकतंय. मागची बाजू सपाट आहे, उलटं लावू.
सील दापोलीत नाही.
खराब हवेचा तीन नंबरचा बावटा लागला.

26 ऑगस्ट
रत्नागिरी. दाभोळला फेरीबोट, धोपाव्याला उतरून गुहागर, पुढे तवसाळहून जयगड. दोन्ही खाड्या गढूळ, लाटा ताठ.
मिरकरवाड्यात दुकानदारानं न बघताच खोकं पुढे केलं. मी जुना इंपेलर पिशवीतून काढून शेजारी धरला. घेर तोच, पण उंची कमी. तो परत. दुसरा जुळला, चावीच्या खाचेसकट. दोन घेतले. सील, कागदाची पातळ गास्केटं. जाड गास्केट घातलं की फट राहते, ओढ कमी होते.
परतीला फोन. खलाशी उचल मागतायत.

27 ऑगस्ट
पाऊस. दिवसभर.

28 ऑगस्ट
सील बसलं. मेस्त्रींनी ठोकलं नाही, नळीचा तुकडा लावून चारी बाजूंनी दाबत नेलं. असा हात बघायला मिळाला, बरं वाटलं.
नवा इंपेलर, उलटं झाकण, नवं गास्केट.
भरतीला खाडीत वर-खाली. पूर्ण चालीला 82. पंपाखाली बोट फिरवलं, कोरडं.
बावटा अजून आहे.

31 ऑगस्ट
बावटा उतरला. रात्री निघतो.
काकांनी डेकवर रिकामं पोतं बांधलंय. जाळ्यात आलेलं प्लास्टिक यात टाकायचं, पाण्यात परत नाही. म्हणाले, "जो फेकेल त्याला बुडी मारायला लावीन." आजवर सगळ्याच बोटी फेकत आल्या. इतरांनीही बांधलं पाहिजे असं पोतं.

2 सप्टेंबर
कोळंबी बरी, पापलेट थोडं. भरल्या बोटीला 83. हर्णैच्या लिलावात भाव पडला नाही. उचल दिली.
पोतं अर्धं भरलं. बंदरावर रिकामं करायला जागा नाही, बोटीतच ठेवलंय. मच्छीमार सोसायटीत उद्या विचारतो.