तिकीट घेणाऱ्याचे नाव

लॉटरी हा शब्द आमच्या घरांतून नेहमी थोडा खालच्या आवाजातच उच्चारला गेला. द्यूतात राज्य गेले, भाऊ गेले आणि अखेर द्रौपदीही पणाला लागली, ही कथा ज्यांनी लहानपणापासून ऐकली, त्यांना जुगार आणि सर्वनाश हे एकाच वस्तूचे दोन चेहरे वाटावेत यात नवल नाही. जत्रेत चार आण्यांचे सोरट लावले तरी घरी बोलणी बसत. आणि तरीही याच घरांतल्या स्त्रिया महिन्याच्या महिन्याला भिशीच्या चिठ्ठ्या उचलीत आल्या आणि त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही. भिशीत दैव केवळ क्रम ठरविते; पैसा कोणाचाच बुडत नाही. लॉटरीत मात्र एकाचे भले व्हावयाचे तर लाखोंना हरावे लागते. हा भेद आमच्या आयांना आणि आज्यांना कोणा अर्थशास्त्रज्ञाने शिकविलेला नव्हता.

म्हणूनच, एका देशाने लॉटरीच्या पैशातून गावोगावची सभागृहे, संग्रहालये आणि क्रीडांगणे उभी केली असे आमच्या वाचनात आले तेव्हा आम्ही ते प्रथम संशयानेच वाचले. देश ब्रिटन. पुढे अधिक वाचीत गेलो, आणि संशय पुरता गेला नसला तरी त्याचे स्वरूप बदलले. ते कसे, हे आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. आम्हां सीमाभागातल्या मराठी माणसांना आपल्या संस्था चालविताना पैशाचा प्रश्न रोज भेडसावतो, म्हणूनही हा विषय आम्हांस परका वाटत नाही.

इंग्रजांना ही युक्ती नवी नव्हती. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलासाठी अठराव्या शतकात लॉटरी काढली गेली. ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ साली झाली, तीही लॉटरीच्याच पैशावर. आपल्याकडे कलकत्त्याचा टाउन हॉल १८१३ साली उभा राहिला तो लॉटरीतून, आणि १८१७ मध्ये नेमलेल्या तिथल्या लॉटरी कमिटीने शहराचे कित्येक मोठे रस्ते त्याच पैशातून काढले. ज्या सोरटाला आमच्या घरी बोलणी बसत, त्याच्यावर एक अख्खे शहर बांधले जात होते! पुढे इंग्रजांच्या स्वतःच्या देशात या प्रकाराविषयी इतका तिटकारा माजला की १८२६ साली शेवटची सरकारी लॉटरी निघाली आणि त्यानंतर १६८ वर्षे त्यांनी तिचे नाव काढले नाही.

जॉन मेजर पंतप्रधान असताना १९९३ साली पार्लमेंटने कायदा केला आणि १९ नोव्हेंबर १९९४ रोजी पहिली सोडत झाली. तिकीट एक पौंडाचे. या कायद्याची मेख सोडतीत नव्हती, वाटपात होती. प्रत्येक तिकिटातला ठरावीक भाग ‘सत्कार्यां’साठी वेगळा काढावयाचा, तो सरकारी तिजोरीत मिसळू द्यावयाचा नाही, आणि तो कोणाला द्यावयाचा हे मंत्र्यांनी न ठरविता स्वतंत्र मंडळांनी ठरवावयाचे. आज त्या निधीतला ४० टक्के भाग आरोग्य, शिक्षण, पर्यावरण व समाजसेवा यांकडे जातो, आणि क्रीडा, कला व ऐतिहासिक वारसा यांना प्रत्येकी २० टक्के मिळतात. तिकिटामागे १२ टक्के कर सरकार घेते, तो निराळा. आरंभापासून आजवर या निधीतून ५,००० कोटी पौंडांहून अधिक रक्कम वाटली गेली आणि अनुदानांची संख्या ७ लाखांच्या घरात पोहोचली.

आकडे मोठे असले की मन भारून जाते. परंतु पहिल्याच वर्षी जे भांडण पेटले ते आम्हांस आकड्यांहून अधिक बोलके वाटते. १९९५ साली विन्स्टन चर्चिल यांची कागदपत्रे राष्ट्रासाठी विकत घेण्याकरिता वारसा निधीतून सव्वा कोटी पौंडांच्या आसपास रक्कम दिली गेली. पैसा गेला चर्चिल यांच्याच कुटुंबाकडे. त्याच साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसच्या नूतनीकरणासाठी सात कोटींहून अधिक पौंड जाहीर झाले. मग वर्तमानपत्रांनी विचारले, आणि रास्तच विचारले, की शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तिकीट घेणारा कामगार त्या ऑपेराच्या मखमली खुर्चीत कधी बसणार आहे काय? गरिबाच्या आशेवर श्रीमंताची करमणूक, असा तो आक्षेप. आमचे मत विचाराल तर कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही काहीसे द्विधा आहोत. राष्ट्राचा इतिहास राष्ट्राकडे असावा, हे खरेच. ऑपेराच्या बाबतीत मात्र त्या वर्तमानपत्रांच्याच बाजूने आमचे मत पडेल.

तथापि या भांडणातून काही चांगलेही निघाले. लहान गावांच्या लहान संस्थांना सहज अर्ज करता येईल अशा योजना निघाल्या, आणि आज बहुतेक अनुदाने दहा हजार पौंडांच्या आतली असतात. त्यांत खेड्यातल्या सभागृहाचे गळके छप्पर येते, एकाकी वृद्धांसाठी आठवड्यातून एकदा भरणारे भोजन येते, शाळेतल्या मुलांची वाद्ये येतात. इंग्रज खेड्यातले सभागृह म्हणजे आपल्याकडचे समाजमंदिरच म्हणा ना. लग्नाची मेजवानी, नाटकाची तालीम, मुलांचे वर्ग आणि मतदान, सारे त्याच छपराखाली. ते छप्पर कोसळले की गाव एकत्र येण्याची जागाच गमावते. अशा छपरासाठी मिळालेल्या चार-पाच हजार पौंडांची बातमी लंडनच्या वर्तमानपत्रांत येत नाही. पण आम्हांस त्या सात लाख अनुदानांतला जीव तिथे दिसतो.

मोठ्या कामांतही एक असे आहे की ज्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडच्या ईशान्येला गेट्सहेड नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणी बंद पडल्या आणि तो सारा प्रदेश होरपळून निघाला. तिथे जुन्या खाणीच्या जागेवर १९९८ साली अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने पोलादाची एक प्रचंड मूर्ती उभी केली, ‘एंजल ऑफ द नॉर्थ’. उंची २० मीटर, पंखांचा विस्तार ५४ मीटर, खर्च सुमारे आठ लाख पौंड, आणि त्यातला बराच भाग लॉटरीचा. ती उभी राहण्यापूर्वी स्थानिक लोकांनी कडाडून विरोध केला होता; इतक्या पैशात इस्पितळात काय काय झाले असते, हा त्यांचा प्रश्न. आज तीच मूर्ती त्या प्रदेशाची ओळख झाली आहे. त्या विरोध करणाऱ्यांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

इस्पितळाचा हा प्रश्न पुढे फार निराळ्या वाटेने परत आला. मूळ संकेत असा की सरकारने जे करावयाचेच असते, त्याची जागा लॉटरीच्या पैशाने घेऊ नये. तो पैसा वरचा. १९९८ साली नवा कायदा होऊन आरोग्य आणि शिक्षण यांसाठी स्वतंत्र निधी निर्माण झाला, तेव्हा टीकाकारांनी म्हटले की सरकार आपले ओझे हळूच तिकीट घेणाऱ्याच्या खांद्यावर सरकवीत आहे. खेळांच्या बाबतीतही तसेच काहीसे घडले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला उणेपुरे एक सुवर्णपदक मिळाले होते, नौकानयनात, आणि पदकतालिकेत देश ३६ वा. पुढल्या वर्षापासून लॉटरीचा पैसा थेट खेळाडूंच्या सरावाकडे वळला. २०१२ साली लंडनमध्ये २९ सुवर्णपदके आली आणि तिसरा क्रमांक. २०१६ साली रिओमध्ये दुसरा. कौतुक करावे तितके थोडेच. पण लंडनचे ते ऑलिंपिक भरविण्यासाठी लॉटरीतून सुमारे २२० कोटी पौंड गेले, आणि त्यामुळे आपल्या वाट्याला कात्री लागली म्हणून लहान सेवाभावी संस्था बराच काळ ओरड करीत होत्या. छपराचे पैसे मैदानाकडे गेले, असेच ते म्हणावयाचे.

आणि हे सारे फेडतो कोण? आरंभी ४९ आकड्यांतून सहा निवडावयाचे असत, तेव्हा पहिले बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक होती. २०१५ साली आकडे ५९ झाले आणि ती साडेचार कोटींत एकावर आली. तत्पूर्वी दोन वर्षे, २०१३ मध्ये, तिकीटही दोन पौंडांचे झाले होते. कमी उत्पन्नाची माणसे आपल्या मिळकतीचा अधिक मोठा हिस्सा अशा तिकिटांवर घालवितात, हे अनेक देशांतल्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सोळा वर्षांच्या मुलांनाही तिकीट घेता येत असे, ते अखेर २०२१ साली थांबले आणि वयोमर्यादा अठरा झाली. सत्ताविसाव्या वर्षी सुचलेले हे शहाणपण!

आमच्याकडची गोष्ट निराळी आहे. १९६७ साली केरळ सरकारने आपली लॉटरी सुरू केली. तिकीट रुपयाचे, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ची. महाराष्ट्राने १९६९ साली तोच मार्ग धरला; गोव्यातही सरकारी लॉटरी आहे. ‘सत्कार्य’ हा शब्द जाहिरातींत असला तरी बहुतेक ठिकाणी उत्पन्न सरकारी तिजोरीत जाते, आणि तिथे गेलेल्या रुपयाचा पुढे माग काढता येत नाही. अपवाद सांगावयाचा तर केरळचाच. २०११ साली तिथे ‘कारुण्य’ नावाची लॉटरी निघाली आणि तिच्या उत्पन्नातून कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार अशा दुर्धर दुखण्यांत गरिबांना उपचारासाठी साहाय्य मिळू लागले. तिकिटाचे नाव आणि पैशाचे काम यांची तिथे गाठ पडली. आमच्या कर्नाटकाने मात्र २००७ साली लॉटरी बंदच केली. रस्तोरस्ती एक आकडी लॉटरीपायी घरे धुळीला मिळत होती, ती पाहता त्या निर्णयाला आम्ही नावे ठेवू शकत नाही.

ब्रिटनच्या व्यवस्थेतली एक गोष्ट मात्र आम्हांस मनापासून आवडली. लॉटरीचा पैसा जिथे लागला तिथे एकमेकांवर चढविलेल्या दोन बोटांचे चिन्ह लावावे लागते. शिवाय वर्षातून एकदा असा आठवडा येतो की साधे लॉटरीचे तिकीट दाखविले की शेकडो संग्रहालये, वाडे आणि उद्याने यांत विनामूल्य प्रवेश मिळतो. हरलेले तिकीटही चालते! पदक गळ्यात पडल्यावर खेळाडू तिकीट घेणाऱ्यांचे आभार मानतात. ज्याचे नाव कोणत्याही वहीत नाही, त्याला निदान सांगितले तरी जाते की हे तुझ्या पैशाने झाले.

वहीची गोष्ट निघाली म्हणून आमच्या वाचनालयाविषयी सांगतो. जुनी इमारत, कौलारू छप्पर, मागल्या पावसाळ्यात दोन कपाटे भिजली. वर्गणीदार दरवर्षी कमी होतात. मुले पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर त्याही पलीकडे. अनुदानाचा अर्ज करावा तर एका दप्तरी आम्ही अन्यभाषिक आणि दुसऱ्या दप्तरी हद्दीबाहेरचे. तेव्हा बैठकीत एका उत्साही तरुण सभासदाने सुचविले, की शंभर रुपयांची हजार तिकिटे काढू, पहिले बक्षीस स्कूटर, आणि उरलेल्या पैशात छप्पर. बऱ्याच माना डोलल्या. आमच्यातल्या एका वकील काकांनी मात्र चष्मा पुसत शांतपणे सांगितले की सरकारच्या परवानगीवाचून सोडत चालविणे हा फौजदारी गुन्हा आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत तसे कलम होते आणि नव्या संहितेतही ते आहे. माना थांबल्या.

कायद्याने विषय मिटला असता, पण तो तरुण हट्टी निघाला, आणि त्याचा हट्ट आम्हांस आवडला. तो म्हणाला, “काका, वर्गणी कोण देतो? तीच तीस घरे. तिकीट घेतले असते तर तीनशे घरांनी घेतले असते.” यावर कोशाध्यक्षबाईंनी वाचनालयाची सर्वांत जुनी वही काढली. तीत देणगीदारांची नावे होती, आणि रकमा दोन आण्यांपासून पुढे. दोन आणे देणाऱ्याचेही नाव, गाव, पावतीचा क्रमांक. बाई म्हणाल्या, “हीसुद्धा तीनशे घरेच आहेत, बाळ. आपण मागायला जाणे सोडले.”

त्यावर पुष्कळ वाद झाला. मागायला जाणे म्हणजे कमीपणा, असे काहींना वाटत होते. आजच्या काळात दारोदार फिरावयास वेळ कोणाला आहे, हेही खरेच होते. अखेर असे ठरले की वीस रुपयांपासून पुढे कोणतीही रक्कम घ्यावी, पावती द्यावी, आणि दर्शनी भागातल्या फळ्यावर नावे लिहावीत ती रकमेच्या क्रमाने नव्हे, तारखेच्या क्रमाने. रक्कम फळ्यावर लिहूच नये, ही सूचना त्या तरुणाची. पहिले नाव लागले ते समोर इस्त्रीचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थांचे. ते कानडी भाषिक आहेत आणि रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी मराठी वर्तमानपत्र वाचावयास येऊन बसतात.

छपराचा पूर्वेकडचा भाग पावसाळ्यापूर्वी झाला. उरलेल्या भागासाठी पावतीपुस्तके छापून आली आहेत, आणि रविवारी सकाळी कोणी कोणत्या गल्लीत जावयाचे याची यादी तो तरुण करतो आहे.