चांदीच्या डोंगराखालचं गाव

मैत्रिणींनो, दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी ज्या गावाची उंची गाठता येणार नाही, अशा गावात संसार थाटायची कल्पना करून बघा! दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात पोतोसी नावाचं एक शहर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४,००० मीटर. वस्ती दोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा फार मोठी नाही. हवा इतकी विरळ की नवख्या माणसाला जिना चढताना धाप लागते. झाडं बेताचीच, थंडी बारा महिने. आणि पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उकळलं म्हणून खूश व्हायचं नाही बरं का, कारण त्या पाण्यात डाळ काही लवकर शिजत नाही. कुकर नसेल तर तिथल्या गृहिणीची सकाळ चुलीपाशीच जायची.

पण तिथली बाई मोठी हुशार. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर पसरायचे, सकाळी पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. असं काही दिवस केलं की हलका, खडखडीत 'चुन्यो' तयार होतो. आपल्या सांडग्या-पापडांसारखं बेगमीचं वाळवण म्हणा ना! तो वर्षानुवर्षं टिकतो. बटाटा मूळचा याच डोंगराळ मुलखातला. पुढे पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याकडूनच आला. शेंगदाणाही तिकडचाच. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे आपल्या एकादशीच्या खिचडीचं माहेर तिकडे!

अशा ओसाड जागी शहर वसलं ते एका डोंगरामुळे. शहराच्या डोक्यावर शंकूच्या आकाराचा, तांबूस रंगाचा 'सेरो रिको' उभा आहे. सेरो रिको म्हणजे श्रीमंत डोंगर. उंची जवळजवळ ४,८०० मीटर. ग्वाल्पा नावाच्या एका स्थानिक माणसाला तिथे चांदी सापडली, असं सांगतात. १५४५ साली स्पॅनिश लोकांनी डोंगराच्या पायथ्याशी शहर वसवलं आणि सत्तर वर्षांच्या आत तिथली वस्ती दीड लाखाच्या पुढे गेली. युरोपातल्या त्या काळच्या मोठ्या शहरांच्या तोडीचं गाव झालं ते! स्पॅनिश भाषेत फार मोलाच्या वस्तूला 'पोतोसीच्या मोलाची' म्हणायची रीत पडली.

ही चांदी सातासमुद्रापार आपल्याकडेही आली. आपलं कापड नि मसाले घेताना युरोपीय व्यापाऱ्यांनी अमेरिकेची चांदी मोजली. सुरतेच्या टांकसाळीत ती वितळवून मोगलांचे रुपये पाडले जात. महाराजांनी १६६४ साली सुरत लुटली, तेव्हा तिच्या श्रीमंतीत या डोंगराचाही वाटा होता म्हणायला हरकत नाही.

पण चांदी काही आपल्या पायांनी बाहेर येत नाही. १५७० नंतर तिथला व्हाइसरॉय तोलेदो यानं वेठीची पद्धत लावली. तिला म्हणत 'मिता'. लांबलांबच्या सोळा जिल्ह्यांतून दरसाल तेरा हजारांहून जास्त पुरुष पाळीनं आणायचे. कोणाला महिना, कोणाला दोन महिने चालावं लागे. ते एकटे येत नसत. बायको, मुलं, पाठीवर सामान लादलेले लामा, असं सगळं बिऱ्हाड निघे. पुरुष खाणीत उतरला की घर चालवायचं बाईनं. पोतोसीच्या बाजारात कोकाची पानं, मक्याची दारू, भाजीपाला विकायला या बायकाच बसत.

खाणीत अंधार, धूळ, दरडी. बाहेर दगडाची पूड करून तीत पारा कालवायचा नि तो चिखल पायांनी तुडवायचा. पारा अंगात भिनून किती जण गेले असतील, विचारू नका. दळणाच्या चक्क्या चालवायला डोंगरात तळी बांधली होती. १६२६ साली त्यांतल्या एकाचा बांध फुटला आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. वेठ पुरती बंद व्हायला १८२५ साल उजाडलं. त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि सिमोन बोलिव्हार हा डोंगर चढून गेला. देशाच्या राजमुद्रेवर आजही तोच डोंगर आहे.

शहरात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. सान लोरेन्सोच्या चर्चच्या दारावरचं दगडी कोरीवकाम तर बघत राहावं असं. १७७३ साली पुरी झालेली टांकसाळ आता संग्रहालय आहे. चांदीचे पत्रे काढायची प्रचंड लाकडी चक्रं तिथे अजून आहेत. ती खेचरं ओढत. खेचरंही त्या उंचीवर फार दिवस तगत नसत म्हणे!

चांदी आटत गेली नि विसाव्या शतकात कथिल आलं. याच पोतोसी प्रांतातल्या दुसऱ्या एका खाणगावच्या डोमिटिला बारिओस यांचं नाव ऐकलंय? खाणकामगाराची बायको, पुष्कळ मुलांची आई. १९७५ साली मेक्सिकोत भरलेल्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी त्यांनी शिकल्यासवरल्या बायकांना ठणकावून विचारलं की, माझं जगणं नि तुमचं जगणं सारखं आहे का? १९७७ च्या डिसेंबरात खाणगावांतल्या चौघी बायका मुलांना घेऊन राजधानीत उपोषणाला बसल्या. पुढे डोमिटिलाही त्यांत गेल्या. बघता बघता हजारावर माणसं उपोषणाला बसली आणि तीन आठवड्यांत लष्करी सरकारला माघार घ्यावी लागली. भूगोलाच्या तासाला मी हे सांगते तेव्हा मुली खनिजांची यादी विसरतात, पण या चौघी त्यांच्या लक्षात राहतात.

१९८५ साली कथिलाचा भाव कोसळला. सरकारी खाणींतले हजारो कामगार घरी बसले. बरेच जण सहकारी टोळ्या करून पुन्हा डोंगरात शिरले, ते आजही खणताहेत. फुफ्फुसांत धूळ बसून कित्येक जण चाळिशीतच जातात. आत एक शिंगंवाला मातीचा देव बसवलेला असतो, त्याला म्हणतात 'तीओ', म्हणजे काका. त्याच्या तोंडात सिगारेट नि पुढे कोकाची पानं ठेवल्याशिवाय कोणी कामाला हात लावत नाही. चर्चमधला देव वरचा, आतला मालक हा!

बाई खाणीत उतरली की चांदीची शीर हरवते, अशी तिथली जुनी समजूत. म्हणून बायका बाहेर. नवरा गेल्यावर कितीतरी जणी टाकलेल्या दगडांच्या ढिगात हातोडी घेऊन बसतात नि धातूचा अंश असलेला दगड वेचतात. त्यांना 'पायिरी' म्हणतात, वेचणारी. काही जणी खाणीच्या तोंडाशीच एखाद्या खोलीत मुलांसह राहतात आणि रात्री अवजारांची राखण करतात. एवढ्या थंडीत, गावापासून दूर!

पावणेपाचशे वर्षांच्या खणण्यानं डोंगर आतून पोखरून गेलाय. २०११ साली शिखराजवळची जमीनच खचली, मोठा खड्डा पडला. १९८७ साली जागतिक वारसा ठरलेलं हे शहर युनेस्कोनं २०१४ साली धोक्याच्या यादीत घातलं. शिखराकडचं काम थांबवा, असं जाणकार सांगतात. खाणकामगार म्हणतात, मग खायचं काय? दोघांचंही खरंच आहे. आणि वरच्या खाणी मिटल्या तर त्यांच्या दाराशी मुलं घेऊन राहणाऱ्या बायकांनी बिऱ्हाड कुठं हलवायचं, हे मात्र त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.