उतरणीची शिल्लक

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. इ. स. २०१६ सालीं आम्हीं पेट्रोल आणि वीज या दोहोंच्या बळावर चालणारी एक जुनी मोटार विकत घेतली, तेव्हां वाईच्या बाजारांत ही म्हण आम्हांस निदान दहा जणांनीं तरी ऐकविली असेल. आमचे नेहमीचे मिस्त्री तर बॉनेट उघडून बराच वेळ आंत पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, ही धड पेट्रोलची नाहीं आणि धड करंटचीही नाहीं. हिला कांहीं दुखणें झालें, तर दाखवायची कोणाला?” प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर मिळावयास आम्हांस आठ वर्षें लागलीं. तें विद्यार्थ्यांच्या कांहीं उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम या जातीच्या मोटारींचा थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. हायब्रिड, म्हणजे संकरित मोटार, ही कांहीं आजकालची कल्पना नव्हे. फर्डिनांड पोर्शे नांवाच्या तरुण इंजिनियरानें व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यांत इ. स. १९०० च्या सुमारास अशी एक गाडी तयार केली होती, कीं जिच्यांत पेट्रोलचें इंजिन वीज निर्माण करी आणि ती वीज चाकें फिरवी. पुढें साध्या पेट्रोलच्या गाड्या स्वस्त व सोयीच्या झाल्या, आणि ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षें अडगळींत पडली. डिसेंबर १९९७ मध्यें जपानांत टोयोटा कंपनीनें ‘प्रियस’ विक्रीस आणली, तेव्हां तिचें पुनरुज्जीवन झालें. आपल्या देशांत २००८ सालच्या जूनमध्यें होंडा कंपनीनें जपानांतून ‘सिव्हिक हायब्रिड’ आणविली. किंमत सुमारें साडेएकवीस लाख रुपये! इतके पैसे मोजणारीं गिऱ्हाइकें थोडीं निघालीं, तेव्हां त्याच वर्षीं किंमत एकदम आठ लाखांनीं उतरविण्यांत आली. आपल्या पुण्यांतही या दिशेनें प्रयत्न झाला. २०१० सालीं केपीआयटी व भारत फोर्ज या कंपन्यांनीं चालू मोटारीस विजेची जोड देणारा ‘रेव्होलो’ नांवाचा संच जाहीर केला. परंतु तो रस्त्यांवर सर्रास दिसूं लागला नाहीं. असा तो आरंभीचा काळ होता. एका डॉक्टर गृहस्थांनीं २००९ सालीं घेतलेली सिव्हिक हायब्रिड सात वर्षांनीं शिक्षकाच्या पगारांत बसेल अशा किंमतीस निघाली, ती आम्हीं घेतली.

लोक विचारीत, “हिचें चार्जिंग कोठें करितां?” कोठेंच करीत नाहीं, हें त्यांस खरें वाटत नसे. या गाडीचें इंजिन १३३९ घनसेंटिमीटरांचें, म्हणजे तिच्या अंगलोटाच्या मानानें लहान. इंजिनाला लागूनच विजेची एक चपटी मोटर बसविलेली असते, आणि मागील आसनाच्या पाठीशीं १५८ व्होल्टांची बॅटरी असते. चढणीवर किंवा गाडी सुटतांना ही मोटर इंजिनास हातभार लाविते. गाडी हळू करूं लागलें, कीं तीच मोटर उलट काम करूं लागते. चाकें तिला फिरवितात आणि ती वीज निर्माण करून बॅटरींत भरते. साध्या गाडींत ब्रेक दाबला म्हणजे गति उष्णता होऊन हवेंत जाते. या गाडींत तिच्यांतील कांहीं भाग साठविला जातो, आणि पुढल्या चढणीस उपयोगी पडतो. कृष्णेच्या पुलावर गर्दी होऊन गाड्या उभ्या राहिल्या, कीं हिचें इंजिन आपोआप थांबे; ब्रेकवरील पाय काढला, कीं पुन्हां सुरू होई. तेवढ्या वेळांत शेजारचे लोक “सर, गाडी बंद पडली!” म्हणून धक्का मारावयास धांवत.

आमच्या वाईकरांस या यंत्राची खरी परीक्षा पसरणीच्या घाटांत घेतां येते. पांचगणी वाईहून सुमारें साडेपांचशें मीटर उंचावर आहे. पांचगणीहून उतरूं लागलें, कीं समोरच्या तबकडीवर बॅटरीच्या रेघा एकेक करून चढूं लागतात. पण घाट संपण्याच्या बऱ्याच अगोदर त्या भरून जातात आणि पुढल्या वळणांवर कांहींच जमा होत नाहीं. असें कां होतें, हें आम्हीं दहावीच्या वर्गास गणित म्हणून घातलें. माणसांसह गाडीचें वजन दीड हजार किलोग्रॅम धरिलें, तर साडेपांचशें मीटर उतरण्यांत मोकळी होणारी ऊर्जा सुमारें सव्वादोन युनिट विजेइतकी भरते. चाकांचें घर्षण आणि वारा त्यांतून आपला वांटा घेतात हें खरें. परंतु बॅटरींत पुरतें एक युनिटही मावत नाहीं, आणि तिचें आयुष्य टिकावें म्हणून तेवढींही पूर्ण भरूं दिली जात नाहीं. घागर लहान आणि ओढा मोठा, असा हा प्रकार आहे. एका मुलानें विचारलें, “सर, मग कोयनेचें पाणी आणि आपली गाडी एकच काम करितात कीं!” मुलाचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. आपल्याच जिल्ह्यांतील कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून कोंकणाकडे उतरतें आणि त्या उतरणीवर एकोणीसशें मेगावॉटांहून अधिक क्षमतेचीं यंत्रें फिरतात. नियम तोच, घागरीचें माप तेवढें निराळें.

आतां मिस्त्रींच्या प्रश्नाकडे वळूं. २०२४ सालीं गाडीस पंधरा वर्षें पुरीं झालीं, म्हणजे तिची नोंदणी पुन्हां पांच वर्षांकरितां करून घेणें भाग होतें. आणि त्याच वेळीं बॅटरी थकली. यांत दोष कोणाचाच नव्हता, वयाचा होता. इकडे आमची कन्या मिरजेस नर्सिंगच्या शिक्षणास जावयाची होती. तिची फी आधीं, बॅटरी मग, असें आमच्या मंडळींचें म्हणणें पडलें, आणि तें सर्वथा योग्य होतें. हितचिंतकांनीं गाडी भंगारांत काढून कर्जानें नवी घेण्याचा सल्ला दिला. आम्ही सात महिने त्याच गाडीनें, इंजिनाच्या एकट्या बळावर बहुतेक, काम भागविलें.

प्रत्येक वेळीं घातलेलें पेट्रोल आणि झालेले किलोमीटर एका वहींत लिहून ठेवण्याची आमची संवय आहे. बॅटरी धड असतांना लिटरमागें सरासरी सतरा किलोमीटर पडत. ती थकल्यावर चौदा पडूं लागले. आठ वर्षें विजेची ती जोड आम्हांस निमूटपणें काय देत होती, हें तिची मदत सुटली तेव्हां वहीनें आम्हांस आंकड्यांत सांगितलें. वर्षाच्या सहा हजार किलोमीटरांस सुमारें शहात्तर लिटर. पैशांत आठ हजार रुपयांच्या जवळपास. कन्येची फी भरून झाल्यावर पुण्यांतील एका कारागिरानें बॅटरी उघडून तींतील एकेक घट तपासला आणि जे गेले होते तेवढेच बदलले. खर्च बेचाळीस हजार आला. म्हणजे दुखणें दाखवावयास माणूस मिळाला. परंतु वाचकांनीं हिशेब करून पाहावा: हा खर्च भरून निघण्यास पांच वर्षांहून थोडा अधिकच काळ लागेल, आणि नोंदणी तर पांचच वर्षांची आहे. केवळ बचतीच्या दृष्टीनें पाहिलें, तर हा व्यवहार जेमतेम बरोबरीचाही नाहीं.

मग तो आम्हीं कां केला? एक कारण उघड आहे. धडधाकट सांगाडा मोडून दहा लाखांहून अधिक कर्ज काढणें आम्हांस परवडलें नसतें. दुसरें कारण शुभवर्तमानांतील एका प्रसंगानें आम्हांस शिकविलें आहे. पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातीं भाकरी वाढविण्याचें सामर्थ्य होतें, त्यानें तुकड्यांची एवढी काळजी कां वाहिली? टंचाई होती म्हणून नव्हे, तर मिळालेल्या दानाचा मान राखावा म्हणून, असें आम्हांस वाटतें. घाट चढतांना जाळलेलें पेट्रोल हें दानच आहे. तें भूमीच्या पोटांत तयार होण्यास कोट्यवधि वर्षें लागलीं. उतरतांना त्याचे चार तुकडे उचलून घेणें यांत फार मोठें पुण्य नाहीं; परंतु ते तुडवून जाण्यांत कृतघ्नता मात्र आहे.

संकरित मोटार म्हणजे प्रवासाचें शेवटलें ठिकाण, असा आमचा आग्रह नाहीं. २०२२ पासून मारुति, टोयोटा व होंडा यांच्या अधिक समर्थ संकरित गाड्या आपल्याकडे आल्या. निव्वळ विजेच्या गाड्याही घाट चढूं लागल्या, आणि त्यांच्या मोठ्या बॅटरींत सबंध उतरण मावूं शकते. तथापि ती वीज महाराष्ट्रांत बहुतांशीं कोळसा जाळूनच होते, हें विसरून चालणार नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनो, नव्या गाडीबरोबर हिशेबाची वहीही ठेवा. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो खरा. पण दोन्ही घरचें उरलेलें सांभाळणारा माणूस उपाशी राहिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पसरणीच्या घाटांत आमच्या लहान घागरींत न मावलेली जी ऊर्जा वाया जाते, तिच्यासाठीं मोठी घागर घडविणें हें तुमच्या पिढीचें काम आहे.