लोणारचा दगड आणि युकातानचं पाणी

मेहकर
८ जानेवारी

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे तुलूमचे फोटो घरात सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. कड्यावरचं दगडी देऊळ, खाली हिरवानिळा समुद्र आणि मधे टोपी घातलेला तू. मला मात्र खरा रस वाटला तो तू पोहलास त्या विहिरीसारख्या खड्ड्यात. "आत्या, हे तर आपलं लोणार! इथंही उल्काच पडली होती म्हणे," असं तू खाली लिहिलंयस. फोनवर याचं उत्तर देत बसले असते तर तुझी जेवणाची सुट्टी संपली असती, म्हणून कागद घेतला.

आधी हे सांगते, तू पोहलास तो खड्डा उल्केनं पाडलेला नाही. मेक्सिकोतला हा युकातान म्हणजे सगळा चुनखडीचा सपाट मुलूख. उत्तरेकडे तर नदी नाही की ओढा नाही. पाऊस पडला की थेट जमिनीत मुरतो, चुनखडी विरघळवत खाली गुहा करतो, आणि कधीतरी गुहेचं छत ढासळलं की वरून पाणी दिसायला लागतं. हेच ते सेनोते. असे हजारो आहेत. तुलूमकडच्या सेनोतेंचा उल्केशी संबंध नाही. तुझ्या गाईडनं दोन्ही गोष्टी एकात कालवून सांगितल्या असणार. गाईड सगळीकडचे सारखेच.

उल्केची खूण बघायची तर मेरिदाच्या बाजूला जायला हवं होतं. तिथं सेनोतेंची एक भलीमोठी अर्धगोल रांग आहे, दोन्ही टोकं समुद्राला टेकलेली. त्या गोलाच्या मध्यावर, किनाऱ्यावर, चिक्शुलूब नावाचं गाव आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तिथं दहाएक किलोमीटर रुंदीचा धोंडा आदळला आणि सुमारे १८० किलोमीटर रुंद खड्डा झाला. तो खड्डा आज डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या काळात समुद्रात साचलेली चुनखडी शेकडो मीटर जाडीनं त्याच्यावर बसली. पण खालच्या गाडलेल्या काठानं भूजलाला वाट आखून दिली, आणि त्या वाटेवर ओळीनं सेनोते झाले. माया लोकांची शेवटची मोठी राजधानी मायापान याच पट्ट्यात आहे. पाणी होतं म्हणून माणसं तिथं राहिली. पाणी तिथंच का, हे कोडं सुटायला विसाव्या शतकाची अखेर यावी लागली.

१८० किलोमीटर म्हणजे किती, ते आपल्या नकाशावर बघ. लोणारला मध्य धरून तेवढा गोल काढला तर बुलढाणा, जालना, वाशीम, हिंगोली, परभणी ही पाचही शहरं आत येतात. आपलं लोणार १.८ किलोमीटरचं. म्हणजे रुंदीत बरोबर शंभरावा हिस्सा!

पण आपलं आहे ते उघड्यावर आहे. काठावर उभं राहिलं की अख्खा वाडगा एका नजरेत मावतो, हे भाग्य चिक्शुलूबला नाही. आणि ओळख पटण्यातही आपण पुढे. गंमत अशी की दोन्ही ठिकाणी लोकांनी आधी ज्वालामुखीच धरला होता. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारची नोंद केली. त्याच्याही आधी 'ऐन-ए-अकबरी'त साबण आणि काच करायला लागणाऱ्या इथल्या क्षाराचा उल्लेख आहे. पुढे दीडेकशे वर्षं बहुतेकांचं मत ज्वालामुखीचंच होतं. शेवटी १९७३ साली 'सायन्स'मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला. प्रचंड धक्क्याशिवाय तयारच होत नाही अशी एक काच, मास्केलिनाइट, त्यांना इथल्या दगडात सापडली होती. तिकडे पेमेक्स या मेक्सिकोच्या तेल कंपनीनं तेलासाठी खोल भोकं पाडली, वितळून थिजलेला खडक लागला, आणि त्यांनीही ज्वालामुखी म्हणून सोडून दिलं. १९७८ मध्ये पेनफील्ड आणि कामार्गो या भूभौतिकतज्ज्ञांना मोजमापांत तो गोल दिसला, तरी शास्त्रज्ञांनी मान डोलावली ती १९९१ च्या सुमारास. अठरा वर्षांनी आपण मोठे, हे तिकडच्या मित्रांना खुशाल सांग.

लोणारचं वय मात्र अजून भांडणात आहे. एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीनं ५ लाख ७० हजार. मला दुसरा आकडा पटतो. पण कुठलाही घेतलास तरी चिक्शुलूबपुढे लोणार कालचं पोर. मग नातं कुठलं?

नातं खड्ड्यात शोधू नकोस, दगडात शोध. लोणारला उतरताना बाजूच्या भिंतीकडे नीट बघितलंस तर काळ्या खडकाचे एकावर एक थर दिसतात, आणि मधेच विटकरी मातीची पट्टी. नखानं खरवडली तर बोट लाल होतं. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर माती धरली आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला, त्याची ती खूण. हा सगळा दख्खनचा लाव्हा ओतला गेला ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे. आकडा ओळखीचा वाटला ना? तिकडे उल्का पडली तेव्हा इकडे आपली जमीन तयार होत होती. आणि 'इकडे' म्हणजे तरी कुठे? तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास तरंगत होता.

डायनासोर कुणी मारले, त्या उल्केनं की आपल्या लाव्ह्यानं, हा खटला अजून चालू आहे. बहुतेकांचं बोट उल्केकडे. गेर्टा केलर या भूशास्त्रज्ञ बाईंनी दख्खनचा पक्ष वर्षानुवर्षं लावून धरला. २०१५ मध्ये काहींनी असंही मांडलं, की त्या टोल्यानं पृथ्वी हादरली आणि इथला लाव्हा आणखी जोरानं वाहू लागला. त्यालाही हरकती आल्या. निकाल काहीही लागो, आपल्या ओट्याखालचा फत्तर त्या खटल्यात संशयित आहे. आणि पुष्कळ नंतर त्याच फत्तरावर वरून दुसरा दगड येऊन पडला, तेव्हा लोणार झालं. बेसाल्टमध्ये पडलेली अशी विवरं जगात मोजकीच, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे इथवर येतात.

आता माणसांचं. मायांना सेनोते म्हणजे पाताळाचं, शिबाल्बाचं तोंड. चिचेन इत्झाच्या पवित्र सेनोतेत पावसाच्या देवासाठी जेड, सोनं, धूप आणि माणसंही टाकली जात. १९०४ पासून एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकनानं तिथला गाळ उपसला आणि पुष्कळशा वस्तू हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात नेल्या. आपल्याकडची कथा लवणासुराची. तो जमिनीखाली दडलेला, विष्णूनं दैत्यसूदन होऊन झाकण उडवलं आणि त्याला मारलं. सरोवराचं पाणी ते त्याचं रक्त, क्षार ते मांस. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ तुला आठवत असेल. खोल खड्डा दिसला की माणूस खाली कुणाला तरी बसवतोच. त्यावरून मय दानव आणि माया लोक एकच, असं तुझ्या काकांच्या ग्रुपवर फिरत असतं, त्याच्या नादी लागू नकोस.

पाण्याचा खेळ मात्र दोन्हीकडे बघण्यासारखा. किनाऱ्याजवळच्या सेनोतेत वर गोडं पाणी आणि खाली समुद्राचं खारं, मधे थरथरणारी सीमा. तू डुबकी मारलीस तेव्हा दिसली का, ते कळव. इथं गोमुखाची धार बारमाही गोड, लोक तीर्थ म्हणून अंघोळ करतात, आणि तेच पाणी उतरून सरोवराला मिळालं की खारट, सोड्यासारखं बुळबुळीत होतं. बाहेर जायला वाट नाही, उन्हानं आटतं आणि क्षार मागे राहतात. कमळजा देवीजवळची सासू-सुनेची विहीर तर एकीकडे गोड, एकीकडे खारी म्हणतात. जून २०२० मध्ये सगळं सरोवर गुलाबी झालं, तेव्हाही लवणासुराचं रक्त म्हणणारे निघालेच. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासून सांगितलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

येशील तेव्हा पोरांना घेऊन ये, आणि एप्रिल-मे टाळ. सकाळी सातच्या आत धारेवरून उतरायला लागायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत वर येता येतं. पोरांना चपला नको, बूट हवेत. पाण्याकडेचा चिखल पाय ओढतो. पाणी उतरलेलं असलं तर काठाला पांढरी पापडी धरलेली दिसेल. तुझ्या बाबांचा गुडघा आता उतरू देत नाही, ते वर देवळापाशी बसतील. तिकीट काढलंस की तारीख कळव.

सूनबाईंना आशीर्वाद, पोरांना पापा.

तुझी,
आत्या