पाटल्या आणि पंखा

जेट-स्की नावाचे वाहन ज्या गृहस्थाने जन्माला घातले तो मूळचा बँकवाला होता, हे कळल्यापासून माझा त्या वाहनावरचा राग थोडा निवळला आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचा हा क्लेटन जेकबसन. मोटरसायकलच्या शर्यतीत आपटून अंग सोलवटले, तेव्हा त्याच्या मनात आले म्हणे, की पडायचेच आहे तर पाण्यात पडावे. 1960 च्या दशकात बँकेतली नोकरी सोडून तो या उद्योगाला लागला आणि 1973 साली कावासाकी कंपनीने त्याच्या कल्पनेतली जेट-स्की बाजारात आणली. बँकेतली नोकरी सोडून, बरे का! आमच्या शाखेतली माणसे खुर्ची सोडतात ती फार तर चहापुरती.

आता हा सगळा पाण्यातला इतिहास बी.कॉम. झालेल्या माणसाला पाठ असण्याचे कारण म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या पाटल्या. सुमीचे यजमान दिनकरराव यांनी नागावच्या किनाऱ्यावर धंद्यासाठी एक जुनी, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक जेट-स्की घेतली. पैसे कमी पडले. सुमीने आईने दिलेल्या पाटल्या काढून आमच्याच शाखेत सोनेतारण ठेवल्या. तिचा अर्ज मीच भरला, पावती मीच लिहिली आणि पिशवीवर लाखेचे सील होताना मीच समोर उभा होतो. बँकेत भावाला भाऊ म्हणायचा रकाना नसतो.

दिवाळीत धंदा बरा झाला. डिसेंबर लागला आणि जेट-स्की मरगळली. सुरू व्हायची, आवाज करायची, पण उठायची नाही. दोन माणसे बसवली की लग्नाहून परतणाऱ्या बैलगाडीसारखी चालायची. पावसाळ्यात हा धंदा बंदच असतो. त्यामुळे नाताळचा आठवडा हातचा जाणे म्हणजे काय, ते सांगायला नको. शिवाय या वाहनाला सुकाणू नसते. मागून जी पाण्याची धार सुटते तीच वळवायची. धारेत जोर नसेल तर वेग नाही, आणि वळणही नाही. बसलेला पाहुणा लाटेच्या मर्जीवर. दिनकररावांनी फेऱ्या बंद केल्या, हे त्यांनी चांगले केले.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे इंजिन बंद पडले की आजूबाजूला इंजिनियर तयार होतात. चहावाला म्हणाला, "प्लग बदला." प्लग बदलले. नारळवाला म्हणाला, "पेट्रोलात पाणी गेलंय." टाकी रिकामी केली, फिल्टर नवा घातला. घोडागाडीवाल्याने यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि "खाणं कमी पडतंय" असे निदान केले. (ते तसे अगदीच चुकीचे नव्हते, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला तर हेच होते. पण तोही साफ निघाला.) सुमीच्या सासूबाईंनी हँडलला लिंबू-मिरची बांधली. अलिबागच्या गॅरेजमधल्या पोराने कॉम्प्रेशन मोजले, तर दोन्ही सिलिंडरचे आकडे जुळ्या भावांसारखे.

गंमत म्हणजे वाळूवर गाड्यावर चढवून सुरू केली, की तीच जेट-स्की वाघासारखी डरकाळी फोडायची. तीसुद्धा काही सेकंदच, कारण तिचे इंजिन थंड राहते ते पंपातून येणाऱ्या पाण्यावर. कोरडे चालवले तर भाजूनच निघायचे. पण त्या डरकाळीने सगळ्यांची खात्री पटायची, की आता झाले. पाण्यात सोडली की पुन्हा बैलगाडी. ओझे नसताना कोणीही डरकाळी फोडतो. आमच्याकडे नवे साहेब आले की पहिला आठवडा हेच चालते.

शेवटी दिनकररावांनी होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या नारायणमामांना आणले. सत्तरीचा माणूस. आल्या आल्या हत्यारांची पिशवी न उघडता बिडी पेटवली.

"इंजिन वरडतं का?"

"ओरडतं की मामा. पूर्वीपेक्षा जास्तच."

"आनि पळतं का?"

"तेच तर नाही ना."

"मग इंजिनाला कशाला छळताय?"

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण हा हिशेब माझ्या ओळखीचा होता. काउंटरवर दोन प्रकारचे घोटाळे असतात. एक, माणूस कामच करत नाही. शिक्का हळू, पेन हळू, सगळेच हळू. तिथे माणूस तपासावा. दुसरा, माणूस घामाघूम, शिक्क्यांचा नुसता धडाका, आणि रांग मात्र जागच्या जागी. तिथे माणसाला औषध देऊन उपयोग नाही. त्याच्या हातून निघालेले काम पुढे कुठेतरी गळते आहे. इंजिनाचे फेरे चढतच नसतील तर प्लग, पेट्रोल, कॉम्प्रेशन. फेरे चढतात पण वेग नाही, तर दोष पंपात. पंधरा दिवस सारे नागाव पहिल्या माणसाला औषध देत होते.

जेट-स्कीला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, नळीत बसवलेला पंखा ते मागे ढकलतो आणि तोटीतून जोराची धार सुटते. मामांनी आधी चावी काढून खिशात घातली, मग चौघांकडून धूड उचलून धरवले आणि जाळीत हात घातला. एका फुटक्या प्लॅस्टिक पिशवीमागोमाग मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा निघाला, आणि मारुतीच्या शेपटासारखा निघतच राहिला. पंख्याच्या दांड्याला चांगला गुंडाळला होता.

आम्ही टाळ्या वाजवल्या. पाण्यात सोडली. थोडा फरक पडला. बैलगाडीचा टांगा झाला. मामा म्हणाले, "अजून हाय."

पंख्याभोवती एक कडे असते. पंख्याची पाती आणि कडे यांच्यात फट इतकी कमी हवी, की जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची पट्टी जावी. मामांनी फिलर गेज सरकवले. दीड मिलिमीटर! म्हणजे मागे ढकललेले पाणी फटीतून पुन्हा पुढे येत होते, पात्यांभोवती फेस होत होता, आणि पंखा बिचारा पाण्याऐवजी फेस घुसळत होता.

कडे झिजवले कोणी? वाळूने. वाळू आत आली कुठून? इथे पर्यटकाच्या स्वभावाकडे यावे लागते. त्याला समुद्रात जायचे असते, पण पँट भिजवायची नसते. त्याच्यासाठी जेट-स्की घोट्याएवढ्या पाण्यात आणायची, तो बसला की तिथूनच जोरात काढायची. निदान 2-3 फूट पाणी हवे तिथे अर्धा फूट. पंप पाण्याबरोबर वाळू गिळतो आणि कडे पॉलिश पेपरने घासल्यासारखे खातो.

नवे कडे मुंबईहून यायला 4 दिवस गेले. त्या 4 दिवसांत मी तिजोरीतल्या एका विशिष्ट पिशवीकडे बघणे टाळले. मामांनी पात्यांच्या कडांवरचे खवले कानसले, कडे ठोकून बसवले, आणि 23 डिसेंबरला दिनकररावांनी मूठ पिळली. जेट-स्की नाक वर करून अशी सुटली, की मागची धार थेट नारळवाल्याच्या छत्रीवर. "कमरेएवढ्या पाण्यात या, मगच बसा," अशी पाटी मी माझ्या लेजरच्या अक्षरात रंगवून दिली. लिंबू-मिरची मात्र काढू दिलेली नाही. सासूबाईंच्या मते गुण त्याचाच आहे.

जानेवारीत सुमी पैसे भरायला आली. निम्मे भरले. पावती घेऊन हळूच म्हणाली, "दादा, पाटल्या बघू तरी दे ना."

"कर्ज फिटल्याशिवाय सील फोडता येत नाही," मी म्हणालो.

"राहू दे. पावसाळ्याच्या आत नेईनच मी," पर्स मिटत ती म्हणाली. "तोवर नीट ठेव. वाळू लागू देऊ नकोस."