पलटण, अप्पा आणि वांगी

प्रो कबड्डी, ऑक्टोबर 2024. गतविजेत्या पुणेरी पलटणनं पहिल्याच मॅचमध्ये हरयाणा स्टीलर्सला 35-25 असं लोळवलं. मी लगेच एरंडोलला अप्पांना फोन लावला. डिसेंबरमध्ये मॅचेस बालेवाडीत आहेत, तुम्ही यायचंच!

'आते कसाले नाचस रे? आजून मोप खेळनं बाकी शे.'

अप्पा स्कोअर कमी बघतात, बेंच जास्त. सुरुवातीला काय हो, पहिले सातजण ताजेतवाने असतात. पुढे कॅप्टन अस्लम इनामदार जखमी झाला आणि पलटण प्लेऑफपर्यंतही पोचली नाही.

अप्पा आले ते थेट फायनलला, 29 डिसेंबरला. सोबत भरताची वांगी! हरयाणानं पाटणा पायरेट्सला 32-23 हरवलं. घरच्या मॅटवर आपलं कुणीच नाही... अप्पा मात्र शेवटच्या रेडपर्यंत टाळ्या वाजवत होते.